डावी बाही

हेमे, आज तुझ्या दिवाणाची फळी उचलली.

एकटीला उचलत नाही ती, तुला ठाऊकच आहे. एकीने फळी धरायची, दुसरीने डोकं आत घालायचं, हा आपला रविवारचा नियम. आज फळी तुझ्या तुषारने धरली. बिचारा हात वर करून उभा होता. खिशात फोन वाजत होता तरी काढला नाही. म्हणाला, "मावशी, सावकाश बघा, घाई नाही." घाई आहे. पुढच्या महिन्यात तो आणि तुझी सून प्राची सांताक्रूझला राहायला जाणार, त्याच्या ड्यूटीला जवळ पडतं म्हणून. हे घर भाड्याने देणार आणि दिवाण कोणाला तरी देऊन टाकणार. आतलं कापड तुम्हीच न्या म्हणाला, आईची तशीच इच्छा असणार. मी मान हलवली. तुझी तशी इच्छा बिच्छा काही नव्हती. तू म्हणाली असतीस, "माझ्या कापडाक हात लावू नको हां."

मला खरं तर त्यातलं एकच गठुळं हवं होतं. जयाबेनचं. तू तिला कबूल करून बसलीस आणि निघून गेलीस. आता ती मला फोन करते. "मंगलबेन, माझा झबला शिवला काय? नाय तर राहू दे हां, उतावळ नाय." उतावळ नाही म्हणते आणि दर दोन दिवसांनी फोन करते. तिचंही बरोबर आहे. थंडी तिला वाजते, मला नाही.

गठुळं सापडलं. तुझ्या पद्धतीने बांधलेलं, त्याच कापडाची किनार फाडून त्या पट्टीनेच वर गाठ मारलेली. फिकट हिरवं सुती कापड, त्यात मोहरीच्या रंगाचा एक ब्लाउज पीस नाड्यांसाठी. मी ते उचललं, तुषारला फळी खाली ठेवायला सांगितली आणि म्हटलं, बाकीचं नंतर. तो म्हणाला, "चहा टाकू?" मी नको म्हटलं. चहा पिऊन पिऊन कंटाळा आलाय. तू गेल्यापासून जो येतो तो चहा पितो आणि मला पाजतो.

दमलेय गं. परवा तुझं तेरावं झालं. तुमच्यातलं मला फार कळत नाही, आमच्याकडे पुण्यानुमोदन असतं, ते वेगळं. पण ताटं वाढायला, भांडी मोजून परत द्यायला, कोण कुठल्या विंगमधलं हे प्राचीच्या कानात सांगायला मीच. सगळ्या बाया एकच वाक्य बोलून गेल्या, "सुटली बिचारी." पहिल्या एक-दोघींना मी हो म्हटलं. मग तिसरीला म्हटलं, "कशातून सुटली? तिला कुठे जायचं होतं?" प्राचीने माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन पापड तळत बसले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंगे, लोकांशी नीट बोल गो, सगळी काय कोर्टात आलेली नसतात." माझी अख्खी नोकरी कोर्टात टाइप करण्यात गेली, त्यामुळे माझा स्वभाव तिरसट झाला, हे तुझं ठाम मत. मुळात मी तिरसटच होते. आमच्या आईला विचारायला हवं होतंस.

आपली ओळख तरी कशी झाली. कॉलनीच्या लिफ्टमध्ये. मी तेव्हा नवीन राहायला आलेले, तुझं नावही माहीत नव्हतं. तू माझ्याकडे बघत होतीस, मग वाकलीस आणि सरळ माझ्या कुर्त्याचा घेर धरून उलटा केलास. लिफ्टमध्ये. वर अजून दोन माणसं उभी. मी म्हटलं, "अहो बाई, काय करताय?" तू म्हणालीस, "आतून बघतेय. बाहेरून काय, सगळेच बघतात." आतली शिवण पाहून झाल्यावर म्हणालीस, "हात चांगला आहे. रंग काय घातलायस हा, धुतलेल्या फडक्यासारखा?" आणि तुझा मजला आला, उतरून गेलीस. मी घरी जाऊन आरशात पाहिलं. खरंच फडक्यासारखा होता.

माझं कसं झालं, माझ्या आईने आयुष्यभर गोधड्या शिवल्या आणि पांढरी साडी नेसून वंदनेला गेली. कपडा स्वच्छ पाहिजे, मजबूत पाहिजे, शिवण उसवता कामा नये, संपलं. रंगाबिंगाचा विचार आमच्या घरी कोणी केला नाही. त्याला वेळ नव्हता. म्युनिसिपालिटीच्या शिवणाच्या क्लासात मी मशीन शिकले, बेतणं शिकले, बाहीचा मुंढा नीट बसवायला शिकले. पण चार तुकडे समोर ठेवले तर कुठला कशाशी जातो ते मला आजही कळत नाही. तुला ते कळायचं आणि सरळ शिवण घालता यायची नाही. तुझी शिवण गोराई खाडीसारखी वळणं घेत जायची. म्हणून आपलं जमलं. तू निवडायचीस, मी कापायचे.

आणि निवडायला काय कमी होतं तुझ्याकडे. पडद्याच्या दुकानातली जुनी सॅम्पलं आणायचीस. कोणाच्या तरी काकूची विरलेली साडी, कोणाची लुंगी, गणपतीच्या मखराला लावलेलं कापड विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मागून आणायचीस. आणि संक्रांतीचे ब्लाउज पीस. ते आठवलं की मला अजून हसू येतं. एरवी ते पीस बिचारे या घरून त्या घरी फिरत असतात, कोणी शिवत नाही, ह्या वर्षी मिळालेला पुढच्या वर्षी दुसरीच्या ओटीत. भाऊजी गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला बायकांनी तुला बोलावलं नाही. तू न बोलावता गेलीस. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी दारात घुटमळल्या, "हेमाताई, तुम्हाला कसं..." तू म्हणालीस, "हळदीकुंकू ठेव तुझ्याकडे. ब्लाउज पीस काढ." आणि माझ्याकडे बोट दाखवलंस, "हिला पण दे, हिच्यात हळदीकुंकू नसतं, पण कापड चालतं." मला जमिनीत जावंसं वाटलं. दुसऱ्या वर्षापासून बायका स्वतःच पिशवी भरून आणून द्यायला लागल्या, ज्यांच्यात जो रंग खपत नाही तो. तुझ्या दिवाणात आला की तो पीस फिरायचा थांबला. त्यातले गुलाबी तू मला शिवायला लावलेस. त्या गुलाबी कुर्त्यात मी कोर्टात गेले तर आमच्या साहेबांनी चष्मा पुसून परत घातला.

कपडा साधाच असायचा आपला. सरळ कुर्ता, एक खिसा, मोकळी बाही. पण खिसा वेगळ्या कापडाचा आणि तोही थोडा खाली, हात आपोआप जाईल तिथे. गळ्याला आतून एखादी रंगीत पट्टी, फक्त घालणारीला दिसेल अशी. मी म्हणायचे, आतली पट्टी कोण बघतंय? तू म्हणायचीस, "जी घालता ती बघता." चुकलं तर तुझा एकच कायदा. चूक लपवायची नाही, दुसऱ्या बाजूलाही तीच करायची, म्हणजे फॅशन होते. एकदा माझ्या हातून एका बाजूला कट जास्त वर गेला. तू कात्री घेतलीस आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढाच कापलास. कॉलनीतल्या दोन पोरींनी तसाच शिवून मागितला. तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस, एवढंच.

मग तुझी किडनी बिघडली आणि डायलिसिससाठी बोरीवलीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

त्याबद्दल मला इथे फार बोलायचं नाही. तुलाही नको असेल. सुयांसाठी डाव्या हाताची शीर ऑपरेशनने जोडून घेतलीस, त्या हाताने काही उचलायचं नाही, त्यावर काही घट्ट नको, आणि आठवड्यातून तीनदा त्या हातात दोन जाड सुया. तुला सुयांचं काही नव्हतं. तुला थंडीचं होतं. एसी चालू, रक्त मशीनमधून फिरून गार होऊन परत येतंय, आणि हात मात्र खांद्यापर्यंत उघडा पाहिजे. पहिल्या दिवशी तू दात वाजवत घरी आलीस. रिक्षात तोंडातून शब्द फुटेना. म्हणून मग आपण झबलं केलं.

आधी मी बाही ढिली करून पाहिली. वर सरकवली की दंडाला काचायची. मग मी डावी बाही मधोमध चिरली, खांद्यापासून मनगटापर्यंत, दोन्ही कडांना पट्टी लावली आणि नाड्या. सुई लावताना सोडायच्या, लावून झाली की सुईची जागा सोडून वरखाली बांधायच्या. पुढूनही उघडं, तिथेही नाड्या. मी म्हटलं वेल्क्रो लावू, पटकन होतं. तू म्हणालीस, "करकर वाजता मेला, झोप लागली तर उठवील." नाड्याच. आणि नाड्या वेगळ्या रंगाच्या. निळं झबलं, त्याला केशरी नाड्या. आरशात बघून म्हणालीस, "घ्या. म्हातारपणी परत झबल्यात आले." नंतर जांभळं केलं, नंतर ते चौकडीचं. सिस्टरने विचारलं, कुठल्या दुकानात मिळतात? तू म्हणालीस, "दिंडोशीला. मालकीण फार तिरसट आहे."

मी बरोबर यायचे. नाड्या मी बांधायचे, वरून खाली. तू दर वेळी न चुकता सांगायचीस, "घट्ट नको गो." मी एकदाही घट्ट बांधल्या नाहीत, तरी दर वेळी सांगायचीस. मी चिडायचे. आता कोणी नाही सांगत.

शेजारच्या बेडवर जयाबेन. ती डावरी, म्हणून तिचा उजवा हात मशीनला आणि डाव्याने ती खाखरा खात बसायची. तुमचे दोघींचे सुयांचे हात एकमेकींकडे यायचे, मधे मशीन. तू मालवणी मराठी बोलणार, ती गुजराती मराठी, आणि चार तास नुसतं जेवणावर. कधी काय खाल्लं होतं आणि आता काय चालत नाही. जयाबेन अंगावर दोन शाली घेऊन कुडकुडायची. एक दिवस तू तिच्या शालीचं टोक चिमटीत धरून म्हणालीस, "हे काय सॉलिड नाय. मंगल तुला शिवून देईल." मला विचारलंसही नाही. मी तिथेच बसलेले. घरी येऊन दिवाण उघडायला लावलास, बसल्या बसल्या बोट दाखवून कापड काढलंस आणि गठुळं बांधून ठेवलंस. हिरवं. "तिच्या रंगाला मस्त दिसेल," म्हणालीस. मी म्हटलं, आधी तुझं.

तुझं म्हणजे अण्णांचं कापड. तिथेच तर आपलं अडलं.

तुझ्या वडिलांनी मिलमधून आणलेला शेवटचा तुकडा. पांढरा, बारीक निळ्या रेघेचा. मिल बंद पडली, अण्णा गेले, चाळ सुटली, तू दिंडोशीला आलीस, तुकडा तुझ्याबरोबर. दर वर्षी पाऊस संपला की उन्हात टाकायचीस आणि घडी घालताना आधीच्या घडीवर घालायची नाहीस, थोडी सरकवून घालायचीस, नाहीतर त्या रेषेवर कापड विरतं. हे मला तूच शिकवलंस. आणि मी दर वर्षी तेच बोलायचे. हेमे, काप ते. कापड अंगात घालायला असतं. तुझ्या दिवाणात पडून पडून पिवळं पडलंय. तू म्हणायचीस, "सुचलं नाय अजून." एवढ्या वर्षांत सुचलं नाही? "कापलं की मग तेवढंच उरतं गो. नाय कापलं तर त्याचं काय पण होऊ शकतं." मी म्हणायचे, त्याचं वाळवीचं जेवण होऊ शकतं. तू म्हणायचीस, "शिरा पडो तुझ्या तोंडार." हे भांडण आपण इतकी वर्षं इतक्या आनंदाने केलं की ते मिटावं असं दोघींनाही वाटत नव्हतं.

आणि मग त्या रविवारी तू उशीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "मंगे, अण्णांचं कापड काढ. माझं झबलं कर त्याचं."

मी कात्री शोधायला उठायला हवं होतं. एवढी वर्षं मीच बोंबलत होते ना. पण मी उठले नाही. मी म्हटलं, "आज मशीनचा पट्टा सैल झालाय. पुढच्या रविवारी." पट्टा बरा होता. पुढच्या रविवारी तू परत म्हणालीस, मी म्हटलं आधी पाण्यातून काढून वाळवावं लागेल, नाहीतर आटेल. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काहीतरी. तू हसलीस. म्हणालीस, "कोर्टात राहून राहून तारखा द्यायला शिकलीस." मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "तू माझ्यासारखी झालीस बघ."

मी चुकले असं मला अजून वाटत नाही, हेमे. कापड न कापणारी बाई कापायला सांगते म्हणजे काय, ते मला कळत होतं. मला ते ऐकायचं नव्हतं. तू माझ्या जागी असतीस तर तूही मशीनचा पट्टा सैल केला असतास. पण तुझंही चुकलं नव्हतं. तुला ते एकदा घालून बघायचं होतं, बस. आता तू नाहीस म्हटल्यावर माझंच खरं, असं म्हणायची सोय आहे. पण त्यात मजा नाही. भांडायला समोर माणूस लागतं.

शेवटच्या दिवशी तुझ्या अंगात निळंच होतं, केशरी नाड्यांचं. हॉस्पिटलने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिलं. प्राचीला ते बघवेना, तिने माझ्या हातात दिलं. मी धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. सवयीने तुझ्याकडे द्यायला म्हणून दाराशी ठेवलं. अजून तिथेच आहे. येता-जाता दिसतं, उचलून कपाटात ठेवायचा कंटाळा येतो.

तर आज गठुळं घेऊन घरी आले आणि म्हटलं, जयाबेनचं करून टाकू, एक काम तरी अंगावरून जाईल. मन नव्हतंच. काही करायचं मन नाही हल्ली, भाजी निवडतानासुद्धा मधेच बसून राहते. पण हात चालले. खडू मारला, बेतलं, कापलं. कापड बरोबर तेवढंच निघालं, वीतभर चिंधी उरली. तुझा अंदाज कधी चुकला नाही. बाही चिरली, पट्ट्या लावल्या, मोहरीच्या नाड्या केल्या. हिरव्यावर मोहरी काय सुरेख दिसतं गं, मी जन्मात लावलं नसतं. शिवून झाल्यावर नेहमीसारखं स्वतः घालून पाहिलं. एका हाताने नाड्या सुटतात का, ते मी असंच बघायचे, उजव्या हाताने. सुटल्या झटकन.

आणि मग डोक्यात आलं. जयाबेनचा हात उजवा.

मी डावी बाही चिरली होती. सवयीने. तुझी.

खाली बसले तशीच. तुझ्यानंतर इतके लोक घरी रडून गेले आणि मी ताटं वाढत होते, पापड तळत होते, मला रडू म्हणून आलं नाही. प्राचीने विचारलंही, मावशी तुम्ही ठीक आहात ना. आज ते हिरवं झबलं अंगात घालून फरशीवर बसले आणि जे सुरू झालं ते थांबेना. दुसऱ्या बाईचं कापड, दुसऱ्या बाईचं माप, आणि माझ्या हातांनी तुझंच शिवलं. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं की तू गेलीस.

रडून झाल्यावर चिडले. तुझ्यावरच. कापड संपलं होतं, नवी बाही कशाची काढू? एक उपाय सोपा होता. डावीची चीर शिवून बंद करायची, उजवी चिरायची. सरळ शिवण, पाच मिनिटांचं काम. कोणाला कळलं नसतं. मी मशीनवर बसले, डावी बाही मशीनच्या पायाखाली घेतली, सुई खाली केली, आणि नाही शिवली. तशीच बाहेर काढली.

चूक दुसऱ्या बाजूलाही करायची. तुझा कायदा.

उजवी चिरली. पण दोन पट्ट्या आणि नाड्यांना कापड हवं, आणि मोहरीचा पीस संपलेला. मग परत तुझ्याकडे आले. तुषार जेवायला बसला होता, ताटावरून उठला, फळी धरली. मी दिवाणात डोकं घातलं. केवढे रंग, हेमे. तो गुलाबी, तो मखराचा लाल, सॅम्पलातला मोरपिशी. एकेक काढून हिरव्याला लावून पाहिला. मला काही कळेना. वर फळी धरून तुषार उभा, मला वाटत होतं पलंगावरून आता तुझा आवाज येईल, नाय, तो नाय, खालचा. नाही आला. मी तशीच वाकून उभी राहिले. कंबर भरून आली. शेवटी हात तळाला गेला आणि अण्णांचं कापड वर आलं.

तुषारने ओळखलं. "आजोबांचं ना हे?" म्हणाला. मी म्हटलं, "हो. कापू?" त्याने फळी खांद्यावर टेकवली. मग म्हणाला, "आई तुम्हाला सांगत होती ना काप म्हणून. मी ऐकलंय आतून." त्याचा घास तसाच राहिला होता, ताटात पाणी सुटलं होतं आमटीचं. मी त्याला म्हटलं, आधी जेव.

कापलं. पाण्यातूनही काढलं नाही, आटायचं ते आटू दे. कडेनं दोन पट्ट्या आणि नाड्यांपुरतं, बाकीचं परत घडी करून ठेवलं, आधीच्या घडीवर नाही, सरकवून. कात्री चालली तेव्हा करकर असा कोरा आवाज आला, इतक्या वर्षांनी. पिवळं वरवर पडलं होतं. आतून पांढरंशुभ्र आहे. तू म्हणत होतीस, कापलं की तेवढंच उरतं. उरलंय की अजून. उरलेलं माझ्याकडे आहे, दिवाण गेला तरी. त्याचं काय करायचं ते मला सुचलं नाही, आणि तू आता यावर हसू नको.

आता एका बाजूला मोहरीच्या नाड्या, एका बाजूला पांढऱ्या, निळ्या रेघेच्या. हिरव्यावर पांढरं शोभतं का, मला माहीत नाही. पहिल्यांदाच मी निवडलं आणि कोणी हो-नाही म्हटलं नाही. इस्त्री करून पिशवीत घातलं, हायवेवरून रिक्षा केली आणि बोरीवलीला गेले. जयाबेनची दुपारची पाळी असते.

तुझ्या बेडवर एक आजोबा होते. टोपी घालून झोपलेले. मी तिकडे फार बघितलं नाही.

जयाबेनने झबलं हातात घेतलं आणि पहिलं काय केलं असेल? उलटं करून आतून बघितलं. तुझीच शिकवण असणार. "बहु सरस," म्हणाली. मग घातलं आणि दोन्ही हात पुढे धरून बघत राहिली. "मंगलबेन, माझा तर उजवा हात. हा डावा कशाला उघडा ठेवला?"

मी म्हटलं, "फॅशन आहे."

जयाबेनने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांच्या बेडकडे, मग परत बाहीकडे. सिस्टर आली, तिने उजवीकडच्या अण्णांच्या नाड्या सोडल्या, सुया लावल्या, वरखाली बांधून दिल्या. मशीन सुरू झालं. मी दुसऱ्या बाजूला गेले. त्या बाजूला कोणाचं काही काम नव्हतं. जयाबेनने आपणहून डावा हात माझ्यापुढे केला.

मी नाड्या बांधल्या, वरून खाली. घट्ट नाही.